दवाखान्याचीही पीकपाहणी हवी

पेरा दप्तरात किती आणि रानात किती, यातला फरक आपल्याकडं शाळकरी पोरालाही कळतो. चावडीत बसून केलेल्या पीकपाहणीत सातबाऱ्यावर ऊस लागायचा आणि रानात बघावं तर नुसती कुसळं. कधी उलटंही व्हायचं. रानात सोयाबीन उभं आणि उताऱ्यावर पड. मग गारपीट झाली, विम्याची किंवा नुकसानभरपाईची वेळ आली, की शेतकऱ्याला कळायचं, आपलं पीक सरकारच्या लेखी उगवलेलंच नाही! म्हणूनच १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. बांधावर उभं राहून, फोटो काढून, आपला पेरा आपणच नोंदवायची सोय झाली. रेंज मिळत नाही, अ‍ॅप चालत नाही, या तक्रारी आहेतच. पण ज्याचं रान त्यानं नोंद करायची, हे तत्त्व मात्र सोळा आणे खरं.

शेतकरी बंधू-भगिनींनो, हेच तत्त्व आता आपल्या गावच्या सरकारी दवाखान्याला लावून बघा. दप्तरात तिथं डॉक्टर आहे, सिस्टर आहे, औषधं आहेत, गाडी आहे. रात्री अकरा वाजता बाळंतपणाची बाई घेऊन आपण दारात उभे राहतो, तेव्हा यातलं काय काय प्रत्यक्ष हजर असतं? ही तपासणी कुणी करायची, कशी करायची आणि तिच्यातून पुढं काय निघतं, याचा विचार आज करू. मी शेतीखात्यातला माणूस. पण साप चावला, फवारणीचं औषध अंगावर गेलं, मळणीयंत्रात हात सापडला, की शेतकरी आधी दवाखाना गाठतो आणि त्याचे कागद मागाहून आमच्याकडं येतात. तेव्हा हा विषय शेतीच्या पानाबाहेरचा नाही.

कॅगचा अहवाल आणि आपला तालुका

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे ज्यांना सगळे कॅग म्हणतात, त्यांनी महाराष्ट्रातल्या सार्वजनिक आरोग्य सुविधा आणि आरोग्य सेवांचं व्यवस्थापन यांचं लेखापरीक्षण केलं. २०१६-१७ ते २०२१-२२ असा सहा वर्षांचा काळ त्यांनी तपासला. अहवाल डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनात विधिमंडळापुढं आला. लेखापरीक्षण म्हटलं की पावत्या आणि व्हाउचर डोळ्यांपुढं येतात. पण हे कामगिरीचं लेखापरीक्षण. पैसा खर्च झाला का, एवढंच त्यात बघत नाहीत. त्या पैशातून रोग्याला काय मिळालं, तेही बघतात.

त्यात निघालं काय? सार्वजनिक आरोग्य विभागात डॉक्टरांची २२ टक्के, परिचारिकांची ३५ टक्के आणि तंत्रज्ञ, औषधनिर्माते वगैरे कर्मचाऱ्यांची २९ टक्के पदं रिकामी. म्हणजे तीन सिस्टरचं काम दोघींच्या गळ्यात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं राज्यांना सांगितलं होतं, की आपल्या अंदाजपत्रकाचा ८ टक्क्यांहून जास्त हिस्सा २०२० पर्यंत आरोग्यावर घाला. आपल्या राज्याचा खर्च पाच टक्क्यांच्या आसपासच घुटमळत राहिला. औषधखरेदीतली दिरंगाई आणि रखडलेली बांधकामं हेही त्या अहवालात आलंच.

आता हे आकडे राज्याचे. राज्याची सरासरी म्हणजे महाबळेश्वरचा पाऊस आणि माणदेशाचा पाऊस एकत्र करून काढलेली सरासरी. ती खोटी नसते, पण तिच्यावर कुणी पेरणी करत नाही. पेरणीला आपल्या शिवाराचा आकडा लागतो. दवाखान्याचंही तसंच आहे. तालुक्याचा आणि केंद्राचा आकडा आपणच काढायला हवा.

एक रोगी, तीन खाती

तक्रार करायची तर कुठं, इथंच माणूस अडतो. त्याचं कारण समजून घेतलं पाहिजे. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र ही जिल्हा परिषदेची. त्यांचा कारभार जिल्हा आरोग्य अधिकारी बघतात. ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय ही राज्य शासनाची; तिथं जिल्हा शल्यचिकित्सकांचा शब्द. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं मोठं रुग्णालय तिसऱ्याच खात्याचं, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाचं. मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासूनचं आहे. साताऱ्याला असं महाविद्यालय मिळायला २०२१-२२ साल उजाडलं. रोगी उपकेंद्रातून आरोग्य केंद्रात, तिथून ग्रामीण रुग्णालयात आणि तिथून सिव्हिलला जातो, तेव्हा तो एकाच आजारात तीन खात्यांच्या हद्दी ओलांडत असतो. प्रत्येक खात्याचं रजिस्टर वेगळं. ‘पुढं पाठवला’ असा शेरा मारला की पहिल्याचं काम संपलं. तो पुढं पोचला का, वाचला का, याची नोंद पहिल्या रजिस्टरात परत येत नाही.

आपल्या दोन जिल्ह्यांत आणखी एक गंमत आहे. सातारा आणि सांगली हा एकेकाळचा एकच जिल्हा. १९४९ साली उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचा सांगली जिल्हा झाला. आरोग्य खात्याच्या वाटणीत सातारा पुणे परिमंडळात आहे आणि सांगली कोल्हापूर परिमंडळात. रोग्याला मात्र परिमंडळ माहीत नसतं. शिराळ्याचा माणूस वडापनं कराड गाठतो. उमदीचा माणूस सांगली शंभर किलोमीटरच्या वर, म्हणून सरळ विजापूरला जातो. मग त्याचा आजार कुठल्या जिल्ह्याच्या हिशेबात धरायचा? आपल्या केंद्राच्या वहीत ‘रुग्णसंख्या कमी’ दिसते आणि वरून प्रश्न येतो, की इथं रोगीच नाहीत तर जादा माणूस कशाला? ज्या दवाखान्यात सोय नाही तिथं रोगी जात नाहीत, आणि रोगी जात नाहीत म्हणून सोय होत नाही. आड कोरडा म्हणून पोहरा सोडायचा नाही, आणि पोहरा सोडला नाही म्हणून आडाला पाणी नाही असं ठरवायचं, असला हा प्रकार.

लोकसंख्येचं गणित

निकष साधे आहेत. सपाट भागात ५ हजार लोकांमागं एक उपकेंद्र, ३० हजारांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १ लाख २० हजारांमागं एक ग्रामीण रुग्णालय. डोंगरी आणि आदिवासी भागात हेच आकडे ३ हजार, २० हजार आणि ८० हजार.

जत तालुक्याचं गणित मांडू. २०११ च्या शिरगणतीत तालुक्याची लोकसंख्या सुमारे सव्वातीन लाख. ३० हजारांनी भागलं तर अकराच्या घरात आरोग्य केंद्रं, ५ हजारांनी भागलं तर ६५ उपकेंद्रं, आणि ग्रामीण रुग्णालयं पावणेतीन, म्हणजे तीन. आपल्या तालुक्याचा आकडा घ्या, असंच भागा आणि प्रत्यक्षातली संख्या शेजारी मांडा. हे काम दहावीचा मुलगा पाच मिनिटांत करील.

पण गणित इथं संपत नाही. २०२१ साली व्हायची शिरगणती झालीच नाही, त्यामुळं हिशेब २०११ च्या डोक्यांवर चालत राहिला. शिवाय आपल्या कृष्णाकाठच्या कारखान्यांवर दिवाळीनंतर बीड, धाराशिवकडून ऊसतोड टोळ्या येतात आणि उन्हाळ्यापर्यंत राहतात. त्यांच्यात गरोदर बाया असतात, लसीची बाळं असतात. आपल्या उपकेंद्राच्या लोकसंख्येत त्यांचं नाव नसतं आणि त्यांच्या गावच्या सिस्टरला त्या हंगामात त्या सापडत नाहीत. दोन्ही वह्यांत जागा रिकामीच.

आणि अंतराचं काय? पाटणच्या डोंगरातली वाडी, शिवसागर जलाशयापलीकडची तापोळा-बामणोलीकडची गावं, इथं माणसं थोडी आणि वाट लांब. काही ठिकाणी लाँचशिवाय पलीकडं जाता येत नाही. तिथं डोकी मोजून भागत नाही. रोग्याला दवाखान्यात पोचायला किती वेळ लागतो, तो मोजावा लागतो.

बाटल्या किती, हे विचारा

आता शेतकऱ्याच्या अगदी जवळचा विषय घेऊ. साप. नागपंचमीच्या बत्तीस शिराळ्याचा आपला मुलूख. पावसाळा लागला, भातखाचरात आणि उसाच्या सरीत माणसं उतरली, की सर्पदंशाचे दिवस सुरू होतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर चालणारी एकच प्रतिविष लस आपल्याकडं वापरतात. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात असलीच पाहिजे, असा निकष आहे.

केंद्राकडून वर जाणाऱ्या अहवालात ‘सर्पदंश लस : उपलब्ध’ असं लिहिलेलं असतं. आता इथं थांबून विचारायचं, किती बाटल्या? विष चढल्याची लक्षणं दिसणाऱ्या रोग्याला सुरुवातीलाच ८ ते १० बाटल्या द्याव्या लागतात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. मग ज्या केंद्रात तीन बाटल्या आहेत, तिथं लस ‘उपलब्ध’ आहे का? कागदावर आहे. रोग्यासाठी नाही. दोन औतांच्या रानाला मूठभर बियाणं देऊन ‘बियाणं पुरवलं’ म्हणण्यासारखंच हे. शिवाय पावडरच्या रूपातली लस साध्या थंड जागी टिकते, पण पातळ लस २ ते ८ अंशांतच ठेवावी लागते. तेव्हा फ्रिज चालू आहे का आणि वीज गेल्यावर त्याचं काय होतं, हाही तपासणीचा भाग.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशानं शेतकरी दगावला तर वारसाला २ लाख रुपये मिळतात. हे प्रस्ताव कृषी खात्याकडं येतात. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, वारसाचा दाखला असे सगळे कागद त्यात नीट लावलेले असतात. पण वेळ किती गेला, पहिल्या दवाखान्यात बाटल्या किती होत्या, तिथून पुढं पाठवलं ते कशातून, असे प्रश्न त्या प्रस्तावात कुठंच नसतात. माणूस गेल्यावरची रक्कम चोख हिशेबात येते. माणूस का गेला, ते हिशेबात येत नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचा राष्ट्रीय आराखडा काढला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात राज्यांना सांगितलं, की प्रत्येक सर्पदंशाची नोंद सक्तीची करा. चांगलंच झालं. पण त्या नोंदीबरोबर बाटल्यांची नोंद लागली, तरच तिचा उपयोग.

खताच्या दुकानदाराला नियम आहे. आज शिल्लक किती, भाव काय, याचा फलक दर्शनी भागात लावायचा. नाही लावला तर आम्ही विचारतो. युरियाच्या गोणीला जो नियम, तो लसीच्या बाटलीला का नको? आरोग्य केंद्राच्या दारात रोज सकाळी खडूनं पाच-सहा औषधांची शिल्लक लिहायला खर्च येतो एका खडूच्या कांडीचा.

गावाच्या हाती असलेला पैसा

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं. गावागावांत आशा आल्या. त्याच अभियानानं गावपातळीवर थोडा पैसा मोकळा ठेवला. सुरुवातीला ठरलेले वर्षाचे आकडे असे : गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला १० हजार, उपकेंद्राला १० हजार, प्राथमिक आरोग्य केंद्राला २५ हजार, वर देखभालीसाठी ५० हजार आणि रुग्ण कल्याण समितीला १ लाख. पुढं रकमा आणि नियम बदलत गेले, पण समित्या कायम आहेत.

रक्कम मोठी नाही. पण गळका नळ, फुटलेली खिडकी, तुटलेलं टेबल, बंद पडलेला दिवा एवढं तर तीतून होतंच. मुंबईच्या मंजुरीची वाट बघायला लागत नाही. अडचण अशी, की आपण या समितीवर आहोत हे पुष्कळ सदस्यांना ठाऊकच नसतं. सही घ्यायला वही घरी येते, सही होते आणि सभा ‘संपन्न’ होते. त्यातच मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर आपल्या दोन्ही जिल्हा परिषदांवर काही वर्षं प्रशासकच होते. विचारणारा सदस्यच नसला, की फाइलीला कुठली घाई?

आक्षेप निघतो, पुढं काय?

तपासण्या होत नाहीत असं नाही. जिल्हा परिषदेचे हिशेब स्थानिक निधी लेखापरीक्षक तपासतात. विधिमंडळाची पंचायत राज समिती येते. कॅग तर आहेच. आक्षेप निघतात, त्यांना उत्तरं जातात, त्याला अनुपालन म्हणतात. ‘कार्यवाही सुरू आहे’ हे सगळ्यात आवडतं अनुपालन! आक्षेप वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि दरम्यान तीन अधिकारी बदलून जातात.

याची किंमत कधी कधी फार जबर असते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. राज्यभर रुग्णालयांची आगीच्या दृष्टीनं तपासणी करायचे आदेश सुटले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोरोनाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी ११ रोगी दगावले. मधे दहा महिने होते. तपासणी म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे यातून शिकायचं. माती परीक्षणाचा अहवाल घरात खुंटीला टांगून ठेवला, तर रानातलं स्फुरद वाढत नाही.

गावानंच केलेली तपासणी

मग गावानं तपासणी करायची का? महाराष्ट्रात ती झालेली आहे. २००७ साली अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचं धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुण्याची ‘साथी’ ही संस्था राज्यपातळीवर त्यात होती. पहिल्या पाचांत आपले दोन्ही जिल्हे नव्हते. पद्धत अगदी साधी. गावात बसून लोकांना विचारायचं, लसीकरण वेळेवर होतं का, सिस्टर येते का, औषध बाहेरून आणायला लावतात का, पैसे मागतात का. उत्तर चांगलं तर हिरवा रंग, बरं तर पिवळा, वाईट तर लाल. असं गावाचं प्रगतिपुस्तक तयार करायचं आणि जनसुनवाईत डॉक्टर, अधिकारी आणि लोक समोरासमोर बसवून त्यावर बोलायचं. सहा महिन्यांनी, वर्षानं पुन्हा रंग भरायचे आणि लालाचा पिवळा झाला का, ते बघायचं.

यात एक पथ्य मात्र पाळायचं. राग सिस्टरवर काढायचा नाही. उपकेंद्रातली आरोग्यसेविका पाच हजार माणसं सांभाळते, बाळंतपणं, लसी, गोळ्या बघते, आणि वर डझनभर रजिस्टरं लिहिते, तीच माहिती पुन्हा मोबाइलवर भरते. शेजारचं पद रिकामं असलं की तिथलाही भार तिच्यावर. तिच्या अंगावर ओरडून रिकामं पद भरत नाही. उलट तिला सोबत घेतलं, तर खोलीचं छप्पर कधीपासून गळतंय आणि मागणीपत्रं किती वेळा पाठवली, हे तीच सांगेल. चांगला डॉक्टर, चांगली सिस्टर असेल तर हिरवा रंगही तितक्याच मोकळ्या मनानं भरावा.

ग्रामसभेत विचारायचे प्रश्न

पुढच्या ग्रामसभेत पाच प्रश्न विचारा. त्यांची उत्तरं वहीत लिहून घ्या आणि खाली तारीख टाका.

१. आपल्या केंद्रात मंजूर पदं किती, भरलेली किती आणि आज प्रत्यक्ष हजर किती? हे तीन आकडे वेगळे घ्या. पद भरलेलं असतं आणि माणूस प्रतिनियुक्तीवर दुसरीकडं असतो, हे तिसऱ्या आकड्यातच कळतं.

२. सर्पदंशाची लस, कुत्रं चावल्यावरची लस, लोहाच्या गोळ्या, तापाचं औषध यांची आजची शिल्लक किती आणि मुदत कधी संपते?

३. गेल्या तीन महिन्यांत किती रोगी पुढं पाठवले, कशातून पाठवले आणि त्यातले किती बरे होऊन आले?

४. गाव आरोग्य समितीत आणि रुग्ण कल्याण समितीत यंदा किती पैसे आले, कशावर गेले आणि शिल्लक किती?

५. मागच्या तपासणीत निघालेले आक्षेप कोणते आणि त्यातले कोणते खरोखर मिटले?

उत्तर मिळालं नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. नुसती कागदाची नक्कल मागण्यापुरता तो नाही. दप्तर समोर बसून पाहण्याचा अधिकारही त्यात आहे. आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, हेही लक्षात ठेवा. तिथं कुणी बाहेरच्या दुकानाची चिठ्ठी दिली, तर ती फेकून देऊ नका, जपून ठेवा. अशा दहा चिठ्ठ्या एकत्र आल्या, की केंद्रात कुठलं औषध किती दिवस नव्हतं, याचा पुरावा आपोआप तयार होतो.

पीक कापणी प्रयोगात आम्ही दोरी लावून प्लॉट पाडतो, तेवढंच कापतो, तिथंच मळतो आणि तिथंच वजन करतो. अंदाजानं लिहायची सोय नाही, कारण त्या वजनावर गावाचा विमा ठरतो. दवाखान्याच्या बाबतीतही असंच चार माणसांसमोर, तिथल्या तिथं मोजमाप व्हावं. पुढची ग्रामसभा गाठा. आशाताईंना आणि सिस्टरना आठ दिवस आधी सांगून ठेवा. आणि जाताना एक कोरी वही घेऊन जा.